कळलावीची कैफियत

श्रावण सरत आला, की हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या आणि कळमनुरीच्या डोंगराळ अंगाला, गायरानांच्या कडेने, बोरी-हिवरांच्या कुपाटीतून आणि तणनाशकाचा फवारा अद्याप ज्यांच्यापर्यंत पोहोचला नाही अशा थोड्याफार धुऱ्यांवरून एक नाजूक वेल पानांची टोके वळवून आधार धरीत वर चढते, आणि आधी हिरवट, मग पिवळ्या, अखेरीस रक्तवर्ण होत जाणाऱ्या आपल्या सहा नागमोडी पाकळ्या मागे उलटवून असे काही फूल उघडते, की तिला अग्निशिखा म्हणणाऱ्या पूर्वसूरींनी अतिशयोक्ती केली असे कोणाही डोळस माणसाला वाटू नये. लोकव्यवहारात तिला कळलावी म्हणतात, आणि तिचे फूल घरात आले की घरात भांडण जुंपते असा समज आहे. परिणामी मादागास्करची सदाफुली आणि दक्षिण अमेरिकेची बोगनवेल हिंगोली-वसमतच्या अंगणांत मानाने नांदतात. आणि जी याच मातीत जन्मली, जिचा कंद वर्षानुवर्षे भुईत निजून मृगाबरोबर आपसूक जागा होतो, तिला मात्र फाटकाच्या आत येण्याची मनाई आहे. ही मनाई उठवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलहाच्या आरोपाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. धुऱ्याच्या हद्दीवरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे ज्यांनी कचेरीच्या ओट्यावर बसून पाहिले आहेत, त्यांना कलहासाठी फुलाची मध्यस्थी लागत नाही हे पुरते ठाऊक आहे. महाराष्ट्रातच काही भागांत हे फूल ‘गौरीचे हात’ म्हणून ओळखले जाते. तमिळनाडूने तर त्याला राज्यपुष्पाचा मान दिला असून, कपिलर या कवीने ‘कुरिंजिप्पाट्टु’ या संगमकालीन काव्यात ९९ फुलांची जी नामावळी गुंफली, तिचा आरंभच या फुलाने होतो. आफ्रिकेतील झिंबाब्वेचेही हेच राष्ट्रपुष्प. एवढ्या मुलुखांत ज्याची प्रतिष्ठा आहे, त्याने केवळ आमच्याच उंबऱ्याशी कलह मांडावा, हे संभवनीय दिसत नाही.

दुसरा आरोप विषाचा, आणि तो मात्र शंभर टक्के खरा आहे. वेलीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. वैद्याच्या हाती ते संधिवाताच्या एका दारुण प्रकारावर औषध ठरते आणि अजाणत्याच्या पोटात गेले तर थोड्या मात्रेतही प्राण घेते. आयुर्वेदाने ‘लांगली’ या नावाने तिची गणना उपविषांत केली ती उगीच नव्हे. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ही वेल निरुपद्रवी आहे असा दाखला मी देणार नाही, आणि कोणी दिला तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु त्याच उपविषांच्या यादीत कण्हेर आहे, धोतरा आहे. कण्हेर आमच्या दारोदारी उभी आहे, आणि धोतऱ्याचे फूल व फळ नागनाथाच्या पिंडीवर भक्तिभावाने वाहिले जाते. विषाशी शहाणपणाने शेजार कसा करावा हे ज्या समाजाला पूर्वापार अवगत आहे, त्याने एकट्या कळलावीपुरते अडाणी होण्याचे कारण काय?

हा आग्रह केवळ शोभेपोटी नाही. औषधांच्या व्यापारासाठी तिचे कंद रानातून खणून नेले जातात. मुळात ही वेल दरसाल जुना कंद झिजवून त्याच्या जागी नवा घडवते, आणि बीपासून वाढून फुलावर यायला तिला काही पावसाळे जावे लागतात. त्यामुळे खणत्याच्या एका फटक्याने कित्येक वर्षांची कमाई जाते. शिवाय धुरे नांगराखाली गेले, कुपाट्या जाऊन तारा आल्या, उरल्यासुरल्या जागेवर तणनाशक आले. तिचा आसरा असा चहूबाजूंनी आक्रसत असता अंगणातील दोन हात जागा ही चैन नव्हे, तिच्या वस्तीची तजवीज आहे. म्हणूनच माझी पहिली अट अशी, की या हौसेपायी रानातला कंद कोणी उपटू नये. बी घ्यावे, किंवा ज्याने लागवड केली आहे अशाच्या बागेतून कंद मागून आणावा. तमिळनाडूत दिंडिगल, करूर या भागांत बियांसाठी तिची शेतीच होते, आणि फुलातील कुक्षीचा दांडा काटकोनात बाजूला वळलेला असल्याने तेथील शेतकरी पराग हाताने लावतात. आपल्या अंगणात ते काम फुलपाखरांवर सोपवायला हरकत नाही.

लागवडीची विद्या आम्हांस परक्याकडून शिकावी लागेल असेही नाही. ज्या जिल्ह्याच्या वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, जेथे बेणे सावलीत राखून पावसाच्या तोंडावर मातीआड करणे हे पोराठोरांनाही येते, तेथे कंदाची निगा कोणाला समजावून सांगावी? एवढेच ध्यानात धरावे, की कळलावीचा कंद नांगरासारखा दुबाह्या असतो आणि कोंब त्या बाहूंच्या टोकाला असतो. टोक मोडले की बाहू फुकट. कंद आडवा, दोन-तीन बोटे खोल ठेवावा. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि त्यात तो कुजतो, म्हणून मुरूम, वाळू व शेणखत मिसळून वाफा उंच करावा आणि चढायला तुराट्यांची झापड द्यावी. दिवाळीनंतर वेल पिवळी पडली की पाणी तोडावे. ती मेली असे समजून उकरू नये.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. हळदीच्या, आल्याच्या किंवा रताळ्याच्या वाफ्याशेजारी ती कदापि लावू नये, कारण काढणीच्या घाईत कंदात कंद मिसळायला वेळ लागत नाही. गुरांच्या दावणीजवळही नको. तान्ही पोरे असतील तर कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला लावावी, आणि शेंगा उकलून आतले नारिंगी-तांबडे बी उघडे पडण्याआधीच त्या उतरवून घ्याव्यात. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. वेल वाळून गेल्यावर जागेची खूण राहावी म्हणून तेथे एक फळी रोवावी, तिच्यावर वेलीचे नाव व खाली ‘विषारी’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा, आणि घर भाड्याने दिले तर ती फळी नव्या भाडेकरूला आधी दाखवावी.