कुलूप उघडणारा आणि कोयंडा तोडणारा

मराठी वृत्तपत्रांतल्या घरफोडीच्या बातमीत एक वाक्य पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे: बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरटे आत शिरले. जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणाच्या काठच्या शेतकऱ्याचाही अनुभव वेगळा नाही. पंपाची केबल नेणारा चोर स्टार्टरच्या पेटीच्या कुलपाशी खटपट करत बसत नाही, तो केबलच कापतो. तरीही गावातल्या एखाद्या पोराने जुने कुलूप किल्लीविना उघडायला घेतले, की शेजारीपाजारी दचकतात. या दचकण्याला इतिहासाचा आधार नाही.

पिनच्या कुलपाचे तत्त्व फार जुने आहे. प्राचीन इजिप्तमध्ये खुंट्यांवर चालणारी लाकडी कुलपे होती. अमेरिकेतल्या लायनस येल पितापुत्रांनी त्यांना आजचे धातूचे रूप दिले. धाकट्या येलची पेटंटे 1861 आणि 1865 ची. अशा कुलपात स्प्रिंगने दाबलेल्या पिना गोल गाभ्यात अडकून बसतात. योग्य किल्लीने त्या नेमक्या उंचीवर येतात आणि गाभा फिरतो. पण कारखान्यात पाडलेली भोके अगदी तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. गाभ्याला हलका पीळ दिला की एखादी पिन आधी अडते. ती उचलून बसवली की दुसरी. नवशिक्याची बोटे शिकतात ती ही सूक्ष्म तफावत.

ही विद्या उघडपणे दाखवल्याने काय होते, हे लंडनने 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी पाहिले. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडले. ब्रामा या दुसऱ्या कंपनीच्या कुलपासाठी 200 गिनींचे आव्हान कित्येक वर्षे लागलेले होते. त्यावर त्याने 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास घालवले आणि तेही उघडले. गुपिते चव्हाट्यावर आली म्हणून ओरड झाली. पण चोरांचे फावले नाही. कारखानदारांनाच आपली कुलपे सुधारावी लागली.

वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचे काम सुरू केले. शहरातल्या वाढत्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. चोरीचे भय तेव्हाही होते. त्याला त्यांनी उत्तर दिले ते कारागिरीचे.

इंग्रज सरकारचे उत्तर मात्र निराळे होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्खे समाज जन्मजात चोर ठरवले. पिढ्यानपिढ्या गावाची राखण करणारे रामोशीही आज विमुक्त जातींच्या यादीत दिसतात, ते याच वारशामुळे. कायदा 1952 मध्ये गेला, संशयाची सवय उरली. माणसाने काय केले यापेक्षा त्याला काय करता येते, यावरून त्याला तोलायचे, ही ती सवय.

आजचा कायदा हा भेद काही अंशी जाणतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारे सबळ कारणाविना जवळ बाळगणे गुन्हा आहे, आणि कारण सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर आहे. छंदिष्टाने हे ध्यानात ठेवावे. कुलूप स्वतःचे असावे, दाराला लावलेले नसावे, आणि अवजारे घरच्या टेबलावरच राहावीत. एवढे पाळणाऱ्याला चोराच्या रांगेत बसवण्याचे कारण नाही.

उलट जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून अर्धे कापलेले, आतली रचना दाखवणारे एखादे कुलूप मुलांच्या हाती द्यायला हवे. स्प्रिंग, घर्षण आणि मोजमापातली तफावत हे विषय त्यातून एका तासात समजतील. शिवाय बाजारात कुलूप घेताना केवळ वजन आणि चकाकी बघून पैसे मोजणारे गिऱ्हाईक त्यामुळे थोडे शहाणे होईल, आणि कुलपाबरोबर कोयंडाही भक्कम घेईल.