आधी पाणी तयार करा, मग जोडी आणा

उजनी धरणातली चिलापी तुमच्या ओळखीची आहे. तिच्याच कुळातले, पण बोटाएवढे आणि रंगाने देखणे असे काही मासे हौसेने काचेच्या टाकीत पाळतात. त्यांपैकी नवशिक्याला जमेल असा मासा म्हणजे क्रिबेन्सिस. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया व कॅमेरूनचा. नर चार इंचांपर्यंत वाढतो, मादी थोडी लहान राहते. विणीच्या दिवसांत मादीचे पोट अर्धवट पिकलेल्या करवंदासारखे लालजांभळे होते. नर-मादी दोघे मिळून पिले सांभाळतात. घरातल्या मुलांना हे पाहायला मिळणे हाही एक फायदाच.

परंतु बहुतेक घरांत टाकी येते, त्याच दिवशी मासे येतात आणि पंधरा दिवसांत टाकी रिकामी होते. मग दुकानदाराला बोल लावला जातो. खरे कारण बहुधा पाण्यात असते.

असे पाहा. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो आणि जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. टाकीतही तेच घडते. माशांची घाण आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरे त्यामानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे सोडू नका. हवेचा पंप व स्पंजची गाळणी चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकत जा. ओळखीच्या माणसाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंजचा तुकडा आणा. दुधाला विरजण लावावे तसा तो काम करतो. तपासणीच्या पट्टीवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजा.

आता तुमचे पाणी कसे आहे ते पाहा. डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल आणि भांड्याला पांढरी पुटे चढत असतील, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात तितकेच पावसाचे पाणी मिसळा. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, मग स्वच्छ छपराचे पाणी धरा. नुसते पावसाचे पाणी वापरू नका, कारण त्यात क्षार नसल्याने सामू एकदम घसरतो. सामू 6.5 ते 7.5 आणि उष्णता 25 अंशांच्या आसपास असावी. थंडीत हीटर लागेल. आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या पिलांत नर जास्त निघतात, म्हणून सामू 7 च्या जवळ ठेवलेला बरा.

विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली असेल, तर ते पाणी उघड्या प्लॅस्टिकच्या बादलीत दोन दिवस ठेवून मगच वापरा. तांब्याच्या हंड्यातले पाणी टाकीत घालू नका. फवारणीची बादली किंवा फवारणी करून आलेले हात टाकीत नकोत. घरात डासांची अगरबत्ती लावाल त्या वेळी टाकी झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत एकच जोडी ठेवा. तळाशी धुतलेली बारीक वाळू आणि तिच्यावर नारळाची अर्धी करवंटी पालथी घाला. करवंटीच्या काठाला मासा जाईल एवढी खाच पाडा. मादी तिच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. साधारण तीन दिवसांत ती फुटतात आणि आठवड्याभरात पिले आईमागे पोहू लागतात. आई पिलांजवळ राहते आणि बाप हद्द राखतो. पिलांना आर्टेमियाची नुकती फुटलेली पिले थोडी थोडी, दिवसातून दोन-तीनदा द्या. तरुण जोडी पहिली वीण खाऊनही टाकते. तेवढ्यावरून ती मोडू नका, पुढच्या खेपेची वाट पाहा.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट असावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर कमावलेले जिवाणू जातील. वीज गेली तर खाद्य बंद ठेवा आणि तांब्याभर पाणी काढून वरून पुन्हा ओतत राहा. तांब्या मात्र स्टीलचा घ्या. बॅटरीवरचा छोटा पंप असल्यास उत्तम.

पिले विकायची असतील तर जवळच्या शहरातल्या दुकानदाराशी आधी बोला, मगच दुसऱ्या टाकीचा खर्च करा. आणि नको झालेले मासे ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात कधीही सोडू नका. 1952 साली भारतात आणलेली चिलापी आज किती तळ्यांत पसरली आहे, हे तुम्ही पाहतच आहात. मासे जास्त झाले तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी घराला द्या.