मधले दिवस कोण सांगणार?



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गाला 'तारिणी'ची गोष्ट सांगत होते. ५५ फुटांची शिडाची नौका, त्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला परत आल्या. फळ्यावर तारखा लिहिल्या, नकाशा दाखवला, टाळ्याही वाजवून घेतल्या. तर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, मग मधले दिवस त्या काय करत होत्या?"

एकूण २५४ दिवस. आणि माझ्या पाठ टाचणात दोनच होते, निघाल्याचा आणि पोचल्याचा!

खरं सांगते, मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं. विषुववृत्ताजवळ वारा पडतो, शिडं लोंबकळतात आणि नौका जागच्या जागी डुलत बसते. शिडाच्या नौकेला तिथे वाट बघण्याशिवाय दुसरं काम नाही. उलट दक्षिणेला चाळीस अंशांच्या खाली गेलं की वारा अडवायला जमीनच नाही, तिथे घराएवढ्या लाटा. पाळीपाळीने जागायचं, ओल्या कपड्यांत झोपायचं, फाटलेलं शीड शिवायचं. केप हॉर्नला वळसा घालून झाला, अवघड भाग संपला असं वाटलं, आणि परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला. ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबून दुरुस्ती करावी लागली. घर दिसायला लागल्यावर थांबावं लागणं! मला तर सगळ्या प्रवासात हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आपण नेमका तोच गाळतो.

(गणिताच्या शिक्षकांसाठी जाता जाता: परिक्रमा मानली जायला निदान २१,६०० सागरी मैल व्हावे लागतात. मुलांना ३६० गुणिले ६० करायला सांगा आणि अंश-मिनिटं समजावून द्या. वर्ग खूश होतो.)

आता माझा मुद्दा. कमांडर अभिलाष टॉमी २०१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. 'म्हादेई' ही त्यांची नौका गोव्यातच बांधलेली. हे आपण आनंदाने सांगतो. पण सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला मार लागला, उठता येईना. त्यांनी मदत मागितली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. शर्यत तिथेच सुटली. ही गोष्ट वर्गात किती जण सांगतात? मी तरी आजवर सांगितली नव्हती. मुलांना 'निगेटिव्ह' नको, असं आपलं एक ठरलेलं असतं.

पण मुलांच्या आयुष्यात ती गोष्ट आधीच आलेली असते. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नाही म्हणून माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आई म्हणाली, "बाई, घरात कुणी तिला बोललं नाही हो." बोललं नसेलही. पण यादीत नाव नसलेल्या माणसाची एक तरी गोष्ट तिला कुणी सांगितली होती का? आईने नाही, आणि मीही नाही. वर्षभर मी तिला फक्त हारतुरे घेणारी माणसं दाखवली. तेव्हा "मला जमत नाहीये, मदत करा" हे म्हणता येतं, हे तिला कुठून कळावं?

काही पालकांना वाटेल, बाई मुलांना हरायला शिकवतायत. तसं नाही. टॉमींनी मदत मागितली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं, इतकं साधं आहे.

मागच्या शनिवारी दप्तराविना शाळेत ती २०१८ ची गोष्ट पूर्ण सांगितली. मोडलेली डोलकाठी, तीन दिवस पडून राहणं, सगळं. वर्ग चिडीचूप. मग त्याच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ते परत समुद्रात गेले?"

गेले. २०२२ मध्ये, त्याच शर्यतीत, त्याच दक्षिण महासागरातून. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले.

"पहिलं कोण आलं?" लगेच पुढचा प्रश्न. कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची. बाई आहे म्हटल्यावर मुलींच्या रांगेत जो गोंधळ झाला, तो आवरायला मला घंटा होईपर्यंत वेळ लागला.