धडकेनंतरचे सहा महिने

यवतमाळ जिल्ह्याला दोन मोठे महामार्ग लाभले आहेत. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा मार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा वडकी, करंजी, पांढरकवडा या गावांवरून पाटणबोरीपाशी तेलंगणाच्या सीमेला भिडतो. वणीचा कोळसा, हंगामातील कापूस, दक्षिणेकडचे धान्य आणि उत्तरेकडची यंत्रे या रस्त्यांवरून अहोरात्र वाहत असतात. या मार्गांनी जिल्ह्यात व्यापार आणला, तसा मृत्यूही आणला. मे २०१८ मध्ये आर्णी तालुक्यात मोटार आणि ट्रक यांची धडक होऊन दहा जणांचा बळी गेला. १९ मे २०२० रोजी सोलापूरहून नागपूरकडे श्रमिकांना घेऊन निघालेली बस त्याच तालुक्यात एका ट्रकवर आदळली आणि टाळेबंदीतून सुटून घरी पोहोचू पाहणाऱ्या मजुरांसह चार जण वाटेतच संपले. केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाने २०२२ या वर्षासाठी दिलेला देशभरातील रस्ते-अपघातांतील मृतांचा आकडा १,६८,४९१ होता; म्हणजे दर तासाला सुमारे एकोणीस माणसे.

अशा बातमीचे आयुष्य एका दिवसाचे असते. चुराडा झालेल्या मोटारीचे छायाचित्र छापले जाते, मंत्री शोक व्यक्त करतात, वेगावर नियंत्रण हवे असा उपदेश होतो आणि दुसऱ्या दिवशी वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. तो उपदेश अनावश्यक आहे असे नव्हे. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुष गेला किंवा कायमचा पंगू झाला, त्या घराची खरी परीक्षा बातमी विरल्यानंतर सुरू होते. त्या परीक्षेत आपली व्यवस्था त्या घराच्या बाजूने कितपत उभी राहते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो आज विचारला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. कायदा अपघातग्रस्तांविषयी कंजूष आहे, असे सर्रास मानले जाते. ते खरे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याने प्रत्येक वाहनास त्रयस्थ व्यक्तींच्या हानीचा विमा सक्तीचा केला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६४ अन्वये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये देण्याची योजना त्याच दिवशी अमलात आली. तिचा अर्ज तालुक्याच्याच महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, जखमीवर रोकड न मागता उपचार व्हावयास हवेत.

चूक सिद्ध करून कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागितली, तर रक्कम किती होते हेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत त्याचे गणितच घालून दिले आहे. उदाहरणादाखल चौतीस वर्षांचा, महिना बारा हजार रुपये मिळविणारा एक कामगार घ्या. त्याच्या मागे पत्नी आणि दोन मुले आहेत. भावी उत्पन्नवाढीचे चाळीस टक्के मिळवले, की महिन्याचे १६,८०० होतात आणि वर्षाचे २,०१,६००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा केला की उरतात १,३४,४००. त्या वयासाठी ठरलेला गुणक सोळा आहे. गुणाकार केल्यास २१,५०,४०० रुपये येतात. शिवाय अंत्यविधी, सहवासहानी इत्यादींच्या ठरीव रकमा वेगळ्या. शालेय अंकगणित येणाऱ्या कोणासही हा हिशेब करता येईल.

आता याच्या शेजारी प्रत्यक्षात काय घडते ते ठेवून पाहा. अपघातानंतर चार-दोन दिवसांत ट्रकमालकाचा माणूस दारी येतो. तो सभ्यपणे बोलतो, झाले ते वाईट झाले म्हणतो, कोर्टकचेरीत वर्षे जातील असे भय घालतो आणि पन्नास हजारांचे पुडके पुढे करून एका कागदावर सही किंवा अंगठा मागतो. घरात तेराव्याची सोय नसते, दवाखान्याचे देणे डोक्यावर असते. अंगठा उमटतो. अशा कागदाने कायद्याने दिलेला हक्क सहसा बुडत नाही, हे त्या कुटुंबाला कोणी सांगत नाही. पण त्यानंतर साक्षीदार सैल होतात, फिर्यादी गप्प बसतो आणि एकवीस लाखांचा हक्क पन्नास हजारांत मिटतो. याला तडजोड म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तडजोड समजत्या माणसांत होते. एका बाजूला वकील आणि विमा कंपनी आणि दुसऱ्या बाजूला केवळ दुःख असेल, तर तिला दुसरे नाव शोधावे लागेल.

दुसरा घात कागदपत्रांत होतो. ट्रक आणि मोटार यांच्या धडकेत पुष्कळदा ट्रक रस्त्यावर बिघडून उभा असतो. मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी नसते, सावधानतेसाठी चार दगड आणि झाडाची फांदी एवढीच काय ती सोय असते. मागून आलेली मोटार त्यावर आदळली की पहिल्या क्षणी दोष मोटारचालकाच्या माथी मारणे सोपे जाते. वाहन रस्त्यावर धोकादायक रीतीने उभे करू नये, असे त्याच कायद्याचे कलम १२२ बजावते. परंतु ट्रक कोठे उभा होता, दिवा होता की नव्हता, चाकांच्या खुणा कोठून कोठे गेल्या, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात त्याच दिवशी उतरले नाही, तर क्रेनने ट्रक हलविल्यावर ते कायमचे पुसले जाते. पुढे न्यायाधिकरणासमोर विमा कंपनीचा वकील नेमके त्याच रिकाम्या जागेवर बोट ठेवतो. मोटारीतील प्रवाशांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. दोन्ही चालकांची चूक असली, तरी निरपराध प्रवासी आपली पूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाकडूनही मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. 'चूक आपल्याच गाडीची होती' म्हणून गप्प बसणाऱ्या कुटुंबांपर्यंत हा निर्णय पोहोचला आहे काय?

ट्रकचालकाविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. तो बहुधा परप्रांतातील, अपुऱ्या झोपेचा, खेपेवर मजुरी घेणारा माणूस असतो. अपघातानंतर तो पळतो, याचा आपल्याला संताप येतो. पण तो थांबला तर जमाव त्याचे काय करतो, हेही आपल्याला ठाऊक असते. कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देण्याचे बंधन घातले आहे. आणि त्याच कलमात जमावाच्या क्षोभामुळे मदत देणे अशक्य झाल्यास अपवादही केला आहे. आपल्या समाजाचे वर्तन कायद्याच्या मसुद्यातच अपवाद म्हणून नोंदले जावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेतील पोटकलम निघाले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. शिक्षेचा आकडा वाढविल्याने चालक थांबणार नाही. थांबल्यास आपला जीव वाचेल, अशी खात्री त्याला वाटली पाहिजे. ती खात्री संसद देऊ शकत नाही. रस्त्याकडेची गावेच देऊ शकतात.

तिसरा प्रश्न मुदतीचा. भरपाईच्या दाव्यासाठी पूर्वी असलेली मुदत १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकली होती, कारण अशिक्षित व दुःखग्रस्त माणसाला ती जाचक ठरते हे संसदेला पटले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांच्या रूपाने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या आधारावर कोणी निश्चिंत बसू नये. नवरा गेलेल्या बाईचे सहा महिने कसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही मुदत किती तोकडी आहे हे वेगळे सांगावयास नको.

या तोकडेपणावर कायद्याने उतारा दिला आहे, तो मात्र पोलीस ठाण्यांच्या हातात आहे. २०२२ च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत पोलिसांनी दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून गणता येतो. अर्थात पोलिसांनी आपले काम वेळेवर केले, तर विधवेला मुदतीची चिंता करण्याचे कारण उरत नाही. अपुरे मनुष्यबळ, बंदोबस्ताचा भार या सबबी खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण नव्वद दिवसांच्या या अहवालावर एका कुटुंबाची पुढची वीस वर्षे अवलंबून असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सबबींचे वजन फार उरत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्याने दर महिन्यास किती प्राणघातक अपघात नोंदले आणि किती सविस्तर अहवाल वेळेत पाठविले, ते आकडे जाहीर व्हावेत. विधी सेवा कायद्यान्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेव्हा तालुका विधी सेवा समितीने अर्जाची वाट न पाहता अपघातग्रस्त घरी आपला माणूस धाडावा.

आणि जे काम सरकारवर सोपविता येणार नाही, ते गावोगावच्या लिहित्या-वाचत्या माणसांचे आहे. शिक्षक, तलाठी कार्यालयातील कारकून, सुट्टीत घरी आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी, यांपैकी एक तरी बहुतेक गावांत असतो. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास साक्षीसाठी किंवा चौकशीसाठी छळता येत नाही, हे संरक्षण कायद्याच्या कलम १३४ अ ने दिलेले आहे. त्यामुळे १०८ क्रमांक फिरविण्यास भिण्याचे कारण नाही. पुढे त्या घरी जाऊन प्रथम खबरी अहवालाची, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागवून द्यावी, ट्रकचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव लिहून ठेवावे, दवाखान्याची प्रत्येक पावती जपण्यास सांगावे आणि कोऱ्या कागदावर अंगठा उमटू देऊ नये. दावा ज्या जिल्ह्यात अपघात झाला तेथेच लावावा लागतो असेही नाही. वारस राहतात त्या ठिकाणीही तो लावता येतो, हेही सांगावे.

यासाठी पैसा लागत नाही, पद लागत नाही. दोन सकाळी पोलीस ठाण्यात आणि एक दुपार जिल्हा न्यायालयात घालविण्याची तयारी लागते. सांत्वनाला जाणारे शेजारी आपल्या गावांत अजून पुष्कळ आहेत. त्यांतील एकाने जाताना खिशात लेखणी नेली, तर त्या घरातील मुलांची शाळा सुटणार नाही.