दाखला मिळाला, शाळा सुटली?

केळीची लावणी करून पहिले पाणी दिले, की पुढे बागेला पाणी लागत नाही, असे म्हणणारा शेतकरी आमच्या जळगाव जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. ख्रिस्ती माणूस मात्र असे बेधडक म्हणतो! बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावर पडले, की श्रद्धेच्या शाळेतून दाखला काढून तो मोकळा होतो. पुढे शास्त्र उघडायचे, ते लग्नात नाही तर मयतात.

गेल्या वर्षी धुळ्याकडच्या एका मंडळीत साठीच्या एका बाईंनी विचारले, "मला वाचायला शिकवाल का? शुभवर्तमान स्वतः वाचावे म्हणते." तिथले एक पुढारी हसून म्हणाले, "आजी, या वयात कशाला डोळे फोडता? ऐकावे, विश्वास ठेवावा, झाले!" बाई खाली मान घालून गेल्या. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. पण शिकू पाहणाऱ्याला दारातून परत पाठवणे याहून मोठे पाप मला ठाऊक नाही. आणि त्या वेळी मीही गप्प बसलो, म्हणून आज हे लिहितो आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते : क्रूसावरच्या चोराने कोणता अभ्यास केला होता? कबूल! पण त्याच्या हाती काही घटकाच उरल्या होत्या. तुम्हांआम्हांला साठ-सत्तर वर्षे दिली आहेत, ती काय जांभया देण्यासाठी?

याच जळगावात १९०७ साली पहिले कविसंमेलन भरले. त्याला आलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे पाहा. बाप्तिस्मा १८९५चा. तेवढ्यावर ते स्वस्थ बसले असते, तर मिशनची नोकरी सुखाने पार पडली असती. पण बावीस वर्षांनी, १९१७ साली, ती सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. वय छप्पन्नच्या आसपास!

"ते टिळक, आम्ही साधी माणसे," असे कुणी म्हणेल. मग लक्ष्मीबाईंकडे पाहा. अक्षरओळख लग्नानंतरची. पतीने धर्म बदलला म्हणून त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. मनातले सोवळे त्यांनी स्वतःच विचार करून सोडवले, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या बाईंनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे हाती घेतले. त्यांनाही कुणी "आता या वयात कशाला?" म्हटले असते, आणि त्यांनी ते ऐकले असते तर?

रविवारच्या शाळेचे दार आपण लहान मुलांच्या उंचीचे करून ठेवले आहे. ते वाढवा. प्रत्येक मंडळीत प्रौढांसाठी आठवड्याचा एक तास ठेवा; तिथे वाचावे, शंका विचाराव्यात, पाळकांनीही शिकावे. त्या आजी अजून उपासनेला येतात. येत्या रविवारी पाटी मी नेणार आहे. पुढाऱ्यांनी हवे तर हसावे.