मुठीचा संयम

मुष्टियुद्ध म्हणजे मारामारी, हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर ठोसे लगावले जातात, तो खेळ माणसाला सुसंस्कृत कसा करील, असे अनेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र लढतीमागच्या सरावात शोधावे लागते.

नवशिक्या खेळाडूकडून आधी धावणे आणि दोरीवरच्या उड्या करून घेतात. मग उभे राहण्याची रीत व पावलांची हालचाल शिकवतात. या कष्टांनी दम वाढतो, पाय हलके होतात, नजर आणि हात यांचा मेळ बसतो. हौशी स्पर्धेतील लढत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते. एवढ्या अल्प वेळासाठी महिनोन्‌महिने पहाटे उठावे लागते आणि वजनगट सांभाळण्यासाठी जिभेवर ताबा ठेवावा लागतो.

शरीराबरोबर मनही घडते. कमरेखाली किंवा डोक्याच्या मागे मारायचे नाही. पंचांनी थांबवताच हात आवरायचा. प्रतिस्पर्धी पडला, तर दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, हे नियम अंगवळणी पडतात. संतापलेला खेळाडू बचाव विसरतो आणि स्वतःच मार खातो. म्हणून राग आवरणे ही येथे रोजची गरज असते.

मणिपूरच्या मेरी कोम यांचे उदाहरण बोलके आहे. गरीब शेतकरी कुटुंबातील या मुलीने शालेय परीक्षा मुक्त विद्यालयातून दिली. जुळ्या मुलांच्या जन्मानंतर पुन्हा सराव करून त्यांनी २००८ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धाचा प्रथमच समावेश झाला. तेथे ४८ किलोचा गटच नव्हता. ५१ किलो गटात लढून त्यांनी कांस्यपदक जिंकले. २०१८ मध्ये त्या सहाव्यांदा जगज्जेत्या ठरल्या.

या खेळातील धोका नाकारता येत नाही. डोक्यावरील वारंवार आघातांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे वैद्यकीय तपासणी आणि जाणता प्रशिक्षक यांवाचून हा खेळ खेळू नये. पदकापेक्षा शिष्याची काळजी वाहणारा आणि वेळीच लढत थांबवणारा प्रशिक्षकच खरा गुरू होय. नुसते बळ शिकवले, तर दांडगाई वाढते. बळाबरोबर संयम शिकवला, तर त्याच मुठीतून चारित्र्य घडते.