गाडी खाली कधी होणार?

मालकाला मोबाईलवर माझी गाडी दिसते. चालू असली की ठिपका हिरवा, थांबली की लाल. लाल ठिपका जरा जास्त वेळ राहिला की फोन येतो, "मामा, कुठं अडकलात?" वेग किती होता, कुठल्या चौकात ब्रेक कचकन दाबला, सगळं त्या जीपीएसमध्ये असतं. ठिपका लाल का झालाय, तेवढं मात्र नसतं. आणि आमच्या धंद्यातला वेळ नेमका तिथंच जातो.

मी पुण्यात चारशे सात टेम्पो चालवतो. उरुळी देवाचीच्या गोडाऊनमधून रंग, हार्डवेअर, प्लंबिंगचं सामान भरायचं आणि भवानी, नाना, रविवार पेठेतल्या दुकानांत पोचवायचं. अधूनमधून एखाद्या मोठ्या वेअरहाऊसची फेरी असते, कधी साताऱ्याची. ड्रायव्हरनं चटपटीत असावं असं सगळ्यांना वाटतं, आणि चटपटीत म्हणजे गाडी पळवणारा. जरा हिशेब करून बघा. वीस किलोमीटर चाळीसच्या वेगानं गेलं तर अर्धा तास लागतो, पन्नासनं हाणली तर चोवीस मिनिटं. जीव मुठीत धरून वाचली किती, तर सहा मिनिटं. तीही रस्ता मोकळा मिळाला तर. सोलापूर रस्ता हडपसरला मोकळा कधी असतो, हे कुणाला ठाऊक असेल तर त्यानं मलाही कळवावं. उलट हौद्यात तळाला गेलेला एक बॉक्स उपसून काढायला वीस मिनिटं सहज जातात.

म्हणून दिवस कसा जाणार हे गाडी भरतानाच ठरतं. गोडाऊनमधला पोरगा बिलाच्या नंबरानं माल लावतो, कारण कॉम्प्युटरनं त्याला यादीच तशी दिलेली असते. बिलं हातात आली की मी ती सीटवर पसरतो आणि रस्त्याच्या क्रमानं लावून घेतो. शेवटच्या पॉइंटचा माल सगळ्यांत आधी, केबिनला चिकटून. पहिल्या पॉइंटचा शेवटी, फाळक्यापाशी. ऐकायला सोपं आहे. पण होतं काय, वीस-वीस लिटरच्या रंगाच्या बादल्या नेमक्या पहिल्या दुकानाच्या निघतात आणि पाइप फिटिंगचे हलके खोके शेवटच्या. सगळं वजन फाळक्यापाशी रचलं तर गाडीचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग हाताला लागत नाही. मग बादल्या मागच्या चाकांच्या जरा पुढं, डाव्या-उजव्या बाजूला सारख्या, आणि मधून माणूस आडवा होऊन आत जाईल एवढी वाट ठेवायची. प्रत्येक खोक्यावर खडूनं पॉइंटचा आकडा टाकायचा, तो फाळक्याकडच्या अंगाला. वरच्या अंगाला टाकला तर दुसरं खोकं चढल्यावर दिसत नाही. एवढं करताना गोडाऊनमध्ये अर्धा तास जास्त जातो. सुपरवायझर घड्याळाकडं बघतो. बघू दे.

निघण्याआधी आणखी एक नजर ई-वे बिलावर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखाच्या वरचा असला की ते लागतं, आणि त्यावर गाडीचा नंबर असतो. ऐनवेळी गाडी बदलली आणि नंबर जुनाच राहिला, तर रस्त्यात अडवल्यावर ड्रायव्हर फोन लावत बसतो आणि ऑफिसातले जेवायला गेलेले असतात.

पेठांचं घड्याळ वेगळंच आहे. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, त्यावर लोक विनोद करतात. आमच्यासाठी ती गाडी उभी ठेवायची वेळ आहे. त्यात जड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळा सांभाळायच्या, आणि बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग. आज गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावता येणार यावर माल रस्ता ओलांडून न्यायचा की नाही हे ठरतं, म्हणून माझा पॉइंटचा क्रम तारीख बघून बदलतो. मोबाईलमधला नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावर बादल्या डोक्यावर घेऊन दोन दुचाक्यांच्या मधून कोण जाणार, हे त्याला कळत नाही.

रविवार पेठेतले एक शेठ आहेत. ते दुकान उघडतात साडेदहाला, पण किल्ली शेजारच्या दूधवाल्याकडं ठेवतात. मी सकाळी आठला जातो, दूधवाला शटर वर करतो, माल मोजून आत लावतो, चलनावर त्याची सही. दहा मिनिटांत गाडी खाली. शेठना माझ्यावर उपकार करायचे नसतात. अकराच्या गर्दीत दारात टेम्पो उभा राहिला तर गिऱ्हाईक पुढं निघून जातं, हे त्यांनी ओळखलंय.

मोठ्या वेअरहाऊसला असं कुणी ओळखत नाही. तिथं फाटकावर टोकन, मग रांग, मग "डॉक रिकामा नाही". माल मोजणारे साहेब जेवायला गेलेले. ते आले की हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर. आत जायला दहाची वेळ मिळालेली असते आणि गाडी खाली होते तिन्हीसांजेला. मग वाराईचे, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीचे, पैसे ड्रायव्हरनं द्यायचे. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही मागणी वाहतूकदार किती वर्षं करताहेत, पण फाटकाच्या आत गेल्यावर माल कुणाचाही असो, खिसा ड्रायव्हरचाच. स्वच्छतागृह विचारलं तर वॉचमन हात लांब करतो, तो बाहेरच्या रस्त्याकडं. आता १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं. पण रांगेत इंजिन बंद ठेवायचं असतं, आणि बंद इंजिनावर एसी चालत नाही.

ही रांग का हटत नाही? कारण तिचे पैसे ज्याच्यामुळं ती लागते त्याला पडत नाहीत. वेअरहाऊसनं दोन माणसं जास्त लावली तर त्यांचा पगार वेअरहाऊसच्या अंगावर. नाही लावली तर चार तास माझे जातात, आणि माझे चार तास फुकट आहेत. मालकाला भाडं फेरीचं मिळतं, मला पगार महिन्याचा आणि भत्ता फेरीचा. करारात हॉल्टिंगची, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांची, ओळ असते खरी, पण गाडी किती वाजता फाटकावर आली हे कागदावर कुठंच नसतं. माल मिळाल्याच्या पावतीवर शिक्का पडतो तो माल उतरल्यावरचा. चार तासांचा पुरावा म्हणून दाखवायला फक्त तो लाल ठिपका, आणि लाल म्हणजे ड्रायव्हर झोपला असा त्याचा अर्थ आधीच ठरलेला.

मग गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा दबाव येतो. साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार आहे. तिथं २०२२ च्या नोव्हेंबरात एका अवजड वाहनानं कितीतरी गाड्यांचा चुराडा केला. तरी डिझेल वाचतं म्हणून त्या उतारावर न्यूट्रल टाकणारे अजून आहेत. वाचत नाही. हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की उतारावर डिझेलचा पुरवठा तुटतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर असतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत उरली तेवढीच हवा. हे सगळं शिकवायला हवंच. पण सकाळपासून रांगेत उपाशी बसलेल्या माणसाला रात्री फक्त घर दिसत असतं, हेही शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. रांगेत बसलेलं आमच्याकडं विश्रांतीतच धरतात.

मला मोठी योजना नको आहे. माल मिळाल्याच्या पावतीवर दोन रकाने वाढवा: गाडी फाटकावर आली ती वेळ आणि खाली झाली ती वेळ. पहिल्या वेळेवर वॉचमनची सही, दुसरीवर माल घेणाऱ्याची. त्यावरून हॉल्टिंग लागू द्या. ट्रान्सपोर्टवाले म्हणतील, असं केलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, दर वाढले म्हणेल. पण थांबण्याचा खर्च आजही होतोच आहे. मालक तो फेऱ्या बुडवून भरतो, ड्रायव्हर झोप मोडून. तोच आकडा वेअरहाऊसच्या बिलात महिन्याच्या शेवटी दिसायला लागला, तर दुपारच्या जेवणाला साहेबांच्या जागी कुणी बसवायचं हे त्यांचं त्यांना सुचेल.

सुरुवात मालकांनी करावी, पुढचा करार करताना. आणि जे हॉल्टिंग वसूल होईल त्यातला निम्मा हिस्सा, त्या दिवशी जो गाडीवर होता त्याच्या खात्यात पगाराबरोबर जमा व्हावा.